सकाळ नावाचा माळा

सकाळचं वेळापत्रक नेहमी रात्री तयार होतं. साडेअकरा वाजलेले असतात, उद्यापासून सगळं बदलायचं असं ठरलेलं असतं आणि यादी उतरत जाते. पाचला उठणं, व्यायाम, ध्यान, वाचन, डायरी, दिवसाची आखणी, जमलंच तर एखादी नवी भाषा. बेरीज केली तर तीन-साडेतीन तास सहज भरतात. पण ते जास्त वाटत नाहीत, कारण रात्री साडेअकराला माणूस फार कर्तबगार असतो.

आपण सकाळचा माळा करून टाकला आहे. खाली जागा नाही, मग टाका वर. संध्याकाळी व्यायाम होत नाही? सकाळी करू. वाचायला सवड मिळत नाही? सकाळी बघू. दुपारी तीनला ध्यानाला बसा, असं काही कुणी सांगत नाही. तीन वाजण्याने कुणाचं काय वाकडं केलंय, कोण जाणे.

आणि हा पसारा उपसायचा कुणी, तर नुकतेच डोळे किलकिले केलेल्या माणसाने. जाग आली म्हणजे मेंदूही कामाला लागला, असं होत नाही. झोपेचा अंमल उतरायला साधारण १५ ते ३० मिनिटं जातात, झोप अपुरी असेल तर त्याहून जास्त. तोवर सारासार विचाराचं खातं बंदच असतं. अशा माणसाला 'आज पळायला जायचं की वाचत बसायचं?' असं विचारलं तर तो तिसराच पर्याय निवडणार, आणि त्या पर्यायाचं 'स्नूझ' बटण १९५६ पासून गजराच्या घड्याळावर हजर आहे. ब्रिटनमधल्या गिरण्यांच्या शहरांत एकेकाळी कामगारांना उठवायला पगारी माणसं फिरत. लांब काठीने खिडकीवर टकटक करायची आणि आतला माणूस खरंच उठलाय याची खात्री पटेपर्यंत हलायचं नाही. त्यांच्याशी 'अजून नऊ मिनिटं' अशी घासाघीस चालली नसती.

'लवकर निजे, लवकर उठे' हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्यातलं 'निजे' मंडळी सोयीस्करपणे गाळतात. पहाटे उठणाऱ्यांचं दैवत म्हणजे अठराव्या शतकातला अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन. त्याच्या वेळापत्रकातले पाच वाजता उठणं सगळे सांगतात, रात्री दहाला झोपणं कुणी सांगत नाही. म्हणजे गडी सात तास पुरे करूनच उठत होता, आणि प्रौढ माणसाला निदान तेवढी झोप लागतेच. बाराला झोपून पाचला उठणारा माणूस फार शिस्तीचा वाटतो. त्याला दुपारच्या बैठकीत एकदा पाहावं.

उलट बाजूला देकार्त आहे. हा तत्त्वज्ञ उशिरापर्यंत अंथरुणात पडून विचार करायचा. १६४९ मध्ये स्वीडनच्या राणी ख्रिस्तिनाने त्याला बोलावून घेतलं आणि शिकवणीची वेळ दिली पहाटे पाचची. १६५० च्या फेब्रुवारीत तो गेला, न्यूमोनियाने गेला असं मानतात. सगळा आळ पहाटेवर घेणं बरोबर नाही, तिथली थंडीही कडाक्याचीच. तरी उशिरा उठणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवायला हरकत नाही.

कोण पहाटेचा आणि कोण रात्रीचा, हे बऱ्याच अंशी जन्मतःच ठरतं, आणि वयाप्रमाणे सरकतही राहतं. किशोरवयात झोप उशिराकडे जाते, उतारवयात लवकर मोडते. त्यामुळे चारला उठून बसलेले आजोबा आणि दहापर्यंत घोरणारा नातू दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि एकमेकांना नावं ठेवत असतात. शरीराचं घड्याळ थोडंफार मागेपुढे करता येतं ते मुख्यतः उजेडाने. म्हणून उठल्या उठल्या पडदा सारून उजेडात जाणं, हा यादीतला सगळ्यात कमी कष्टाचा आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा भाग. सुटीच्या दिवशीही उठायची वेळ फार लांबवू नये. हे लिहिणं सोपं आहे, एवढंच म्हणतो.

बाकी यादीतलं एकच काम ठेवावं आणि ते आधीपासून होत असलेल्या गोष्टीला जोडावं. दात घासले की लगेच ते. कपडे, बूट, वही, जे लागेल ते रात्रीच काढून ठेवायचं, म्हणजे सकाळच्या माणसाला काही ठरवावं लागत नाही. फोन दुसऱ्या खोलीत.

आणि २१ दिवसांत सवय लागते, यावर विसंबू नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा माग काढला. कुणाचं काम १८ दिवसांत अंगवळणी पडलं, कुणाला २५४ दिवस लागतील असं गणित निघालं, मधला आकडा आला ६६. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. खाण्यापिण्याच्या सवयी लवकर लागल्या, व्यायामाची रेंगाळली. हे कळायला अभ्यासाची काही गरज नव्हती म्हणा. पण आकडा हाताशी असलेला बरा. चौथ्या दिवशी घरातून 'संपला का उत्साह?' अशी विचारणा झाली, की सांगता येतो.