दुष्काळ लोकरीत उतरला, तिथून मेंढरं सावरली

2023 साली आमच्या सांगोल्याकडं पावसानं पाठ फिरवली. सरकारनं त्या वर्षी राज्यातल्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचा तालुका होता. माझ्या सासरी पिढ्यान् पिढ्या दख्खनी मेंढरं आहेत, काळ्या लोकरीची, सव्वाशेच्या आसपास. दिवाळी झाली की आम्ही वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, घेऊन माळशिरसच्या बागायती पट्ट्यात उतरतो. शेतात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य नाहीतर पैसे देतो. त्या साली माळ तर वाळलाच होता, पण बागायतीतही चारा मिळेना. मेंढरं जगली ती उसाच्या वाढ्यावर, म्हणजे शेंड्याच्या पाल्यावर, आणि बाभळीच्या शेंगांवर.

जगली, पण कशी जगली ते 2024 च्या उन्हाळ्यात, पावसाळ्याआधीच्या कातरणीला कळलं. लोकर हाताला नेहमीपेक्षा मऊ लागत होती. आमची लोकर घेणारे, घोंगड्या विणणारे सणगर बाबा आले, एका गठ्ठ्यातून बोटभर जाडीची बट उपसली, दोन्ही टोकं दोन हातांत घट्ट धरली आणि कानाजवळ नेऊन ताणली. बट मधोमध तुटली. दुसऱ्या मेंढराची घेतली, तीही त्याच उंचीवर तुटली. म्हणाले, "पोरी, ही भुकेची लोकर हाय. पिंजतानाच हिचा भुगा हुईल." मग त्यांनी आणखी एक दाखवलं. काळ्या बटेचं टोक उन्हानं तांबूस झालं होतं, ते दर सालचंच. पण मध्ये करड्या रंगाचा एक पट्टा होता आणि त्याच्या खाली परत काळी लोकर. तो पट्टा बऱ्याच मेंढरांत होता.

आबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं म्हणणं असं की लोकरीला भावच नाही तर तिची काळजी कशाला. भावाचं ते खरंच सांगतात. दख्खनी मेंढीला वर्षाला अर्धा ते पाऊण किलो लोकर मिळते आणि तिच्या पैशातून कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही. तरी मी त्या बटा पिशवीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेल्या, कारण त्या साली कोकरंही अशक्त झाली होती आणि आयांना दूध नव्हतं. दोन्हीचं मूळ एकच असणार, असं मला वाटत होतं.

डॉक्टरांनी बटा उजेडात धरून नीट बघितल्या. त्यांनी जे समजावून दिलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. लोकर म्हणजे जवळपास निव्वळ प्रथिन, आणि त्यात गंधक भरपूर असतं. हे गंधक असलेले घटक मेंढीला चाऱ्यातून आणि पोटातल्या सूक्ष्मजीवांकडून मिळतात. उसाच्या वाढ्यानं पोट भरतं, पण त्यात प्रथिन फार थोडं, शिवाय त्यातलं ऑक्झलेट चाऱ्यातला कॅल्शियम बांधून ठेवतं. मेंढरू उपाशी असलं, अंगातलं मांस झिजत असलं, तरी लोकर वाढायची थांबत नाही. ती फक्त बारीक होत जाते. म्हणून भुकेल्या मेंढराची लोकर मऊ लागते आणि जिथं बारीक झाली तिथंच तुटते. मोठा ताप येऊन गेला तरी असाच कमजोर भाग तयार होतो. गाभणपणाच्या शेवटच्या दिवसांत आणि दूध पाजताना तर आधी पोटातलं कोकरू, मग कास, आणि उरलं तर लोकर. त्यामुळं बटेत वरून खालपर्यंत बघितलं की गेल्या काही महिन्यांत त्या मेंढीवर काय काय गुजरलं ते दिसतं.

करड्या पट्ट्याचं कारण वेगळं निघालं. लोकरीला काळा रंग येण्यासाठी शरीराला तांबं लागतं. ते कमी पडलं की त्या काळात उगवलेली लोकर फिकी येते, परत मिळालं की काळी. पांढऱ्या मेंढरात हे दिसत नाही. आमची काळी म्हणून दिसलं. दुष्काळात खुरटं गवत मुळापासून ओरबाडताना मेंढराच्या पोटात माती जाते आणि मातीतलं लोह तांब्याला आड येतं, असं डॉक्टर म्हणाले. गाभण मेंढीला तांबं फारच कमी पडलं तर कोकरू मागच्या पायांत लुळं जन्मतं. तशी दोन कोकरं आमच्याकडं त्या हिवाळ्यात झाली होती. आबा ती बाहेरची बाधा धरून बसले होते.

पण तांब्याचं औषध डॉक्टरांनी लगेच दिलं नाही, आणि हे मेंढरंवाल्या प्रत्येकानं ध्यानात ठेवावं. मेंढीला तांबं जसं लागतं तसं ते बाधतंही फार लवकर. जास्तीचं तांबं काळजात, म्हणजे यकृतात, गुपचूप साठत जातं आणि एक दिवस एकदम रक्तात उतरतं. डोळे पिवळे, लघवी काळपट लाल, आणि मेंढरू गेलं. गाई-म्हशींचं क्षारमिश्रण मेंढीला घालू नये ते याच कारणानं. शेजारच्या दूधवाल्याकडची उरलेली पुडी फुकट मिळते म्हणून घालणारे मी बघितलेत. डॉक्टरांनी काही मेंढ्यांचं रक्त प्रयोगशाळेत पाठवलं, तांबं कमी असल्याचं लेखी आलं, तेव्हाच वजनाप्रमाणं मोजून औषध दिलं. पुढं फक्त मेंढ्यांसाठीचं क्षारमिश्रण सुरू केलं.

खुराकाचं गणित सगळ्यात अवघड होतं, कारण पेंड महाग. सव्वाशे मेंढरांना रोज खुराक घालणं कुणालाच परवडणार नाही. मग मी हातानं निवड करायला शिकले. लोकरीखाली मेंढरू धडधाकटच दिसतं, डोळ्यांवर भरवसा ठेवून चालत नाही. शेवटच्या बरगडीच्या मागं पाठीच्या कण्यावर बोटं दाबायची. मणक्याची टोकं काट्यासारखी टोचली तर मेंढी हाडावर आलेली, दाबल्याशिवाय लागली नाहीत तर ठीक. संध्याकाळी वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं आत घेताना एकेकीच्या पाठीवर हात फिरवायचा आणि हाडावर आलेल्यांच्या कपाळाला गेरू लावायचा. गेरूवाल्या, जुळी पोटात असणाऱ्या आणि नव्या व्यालेल्या, एवढ्यांनाच भरडलेला मका, शेंगपेंड, गव्हाचा कोंडा आणि चिमूटभर मीठ असा दोन-अडीचशे ग्रॅम खुराक. बाकीच्यांना चरणीवरच ठेवलं.

खुराक मुठीनं सुरू करून हळूहळू वाढवला. उपाशी मेंढराला एकदम दाणा घातला की पोट बिघडतंच, शिवाय आंत्रविषाराचा धोका असतो. त्या आजारात चांगली गुबगुबीत कोकरं रात्रीतून मरतात. पावसाळ्याआधी त्याची लस टोचून घेतली. कोवळ्या गवतावरही तोच धोका.

इथं सुबाभळीबद्दल लिहायलाच हवं. आमच्या शेजारच्या वाड्यातल्या मेंढरांची लोकर त्याच उन्हाळ्यात गठ्ठ्यागठ्ठ्यानं सुटत होती, हात लावला तर कातडी उघडी पडत होती. खरूज समजून त्यांनी फवारण्या केल्या. महिनाभर ती मेंढरं कालव्याकडेच्या सुबाभळीच्या पाल्यावर होती. त्या पाल्यात मिमोसिन असतं, ते लोकरीच्या मुळाशी पेशींची वाढच थांबवतं. पाला पौष्टिक आहे, प्रथिन चांगलं आहे, आम्हीही घालतो, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत. पाला बंद केल्यावर त्यांची लोकर परत आली.

2024 ला पाऊस चांगला झाला. गवत आलं आणि गवताबरोबर जंत आले. पोटात रक्त पिणारा जंत असतो, एकेक जंत दिवसाला 0.05 मिलीलीटर रक्त ओढतो. हजार जंत असले तर रोजचं 50 मिलीलीटर रक्त गेलं. मग खुराक कितीही घाला, तो जंतांच्याच कामी येतो. आधी आम्ही सगळ्या कळपाला ठरलेल्या महिन्यात एकच औषध पाजायचो, त्यानं जंत औषधाला सरावतात. आता खालची पापणी उलटून बघते. आतून लालबुंद असली तर औषध नाही, पांढरट असली किंवा जबड्याखाली पाण्याची सूज आली असली तर लगेच. मधूनमधून लेंड्या दवाखान्यात तपासून आणतो. औषधाचा खर्च निम्म्याच्या खाली आला.

दिवाळीच्या कातरणीला लोकर काळी आणि चिवट निघाली, पण मी त्याचं श्रेय माझ्या खुराकाला देत नाही. चार महिने गवत भरपूर होतं, कुणाचीही लोकर चांगली आली असती. खरी परीक्षा पुढच्या उन्हाळ्याची, कारण त्या लोकरीत वेत, दूध आणि उन्हाळा तिन्ही येतात. 2025 ला मे महिन्यातच पाऊस कोसळला आणि कातरणी रखडली. नुकतं कातरलेलं मेंढरू पावसात भिजलं तर अंगातली ऊब टिकवण्यातच खाल्लेलं सगळं जळतं, अशक्त मेंढरं तर गारठून मरतात. म्हणून आबांनी उघडीप बघून, ऊन पडल्यावरच कातर लावली. सणगर बाबांनी बटा ताणल्या. व्यायल्यानंतरच्या दिवसांची जागा बोटाला किंचित बारीक लागत होती, पण बट तुटली नाही. करडा पट्टा चार-पाच म्हाताऱ्या मेंढ्यांत राहिला होता, त्या सांगोल्याच्या बाजारात विकल्या.

एका गोष्टीवरून मात्र घरात बराच वाद झाला. दुष्काळाच्या हिवाळ्यात, 2023 च्या अखेरीला जन्मलेल्या माद्या मोठ्या झाल्या, पण त्यांची लोकर विरळच राहिली, कितीही खायला घाला. आबा म्हणाले, बीज खराब आहे, काढून टाका. मी डॉक्टरांना विचारून आले होते. मेंढीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. लोकरीची बरीचशी मुळं त्यातल्या शेवटच्या दोन महिन्यांत, आईच्या पोटातच तयार होतात. जन्मानंतर नवी मुळं फुटत नाहीत. आई उपाशी असली की कोकरू जन्मभर विरळ लोकरीचं राहतं. हे रक्तातून पुढं जात नाही. मी त्या माद्या ठेवायला लावल्या, मेंढे सोडायच्या आधी तीन आठवडे त्यांना खुराक चालू केला आणि गाभणपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांत तो वाढवला. गेल्या हिवाळ्यात त्या पहिल्यांदा व्यायल्या. कोकरांचं जावळ दाट आहे, आयांपेक्षा उघड दाट. आबांनी त्यातल्या तीन माद्या कळपासाठी स्वतः निवडून ठेवल्यात.