छापील नाटकाचे पैसे: पुस्तकाचे वेगळे, प्रयोगाचे वेगळे
नाटक छापून आलं की पैसे दोन वाटांनी येतात: विकलेल्या प्रतींवर रॉयल्टी आणि प्रयोगामागे मानधन. दोन्हींची वही वेगळी ठेवा. करारात टक्केवारी कशावर आहे, ते आधी बघा. छापील किमतीऐवजी ४० टक्के सवलत वजा जाता उरलेल्या रकमेवर १० टक्के मिळाले, तर लेखकाचे पैसे थेट ४० टक्क्यांनी घटतात.

खरी गळती प्रयोगांत. परवानगी तीनची, होतात पाच; कधी नाटकाचं नावच बदललेलं असतं! म्हणून परवानगीपत्रात तारखा, स्थळ, प्रयोगसंख्या लिहा, मानधन पहिल्या प्रयोगाआधी घ्या आणि जाहिरातींतल्या तारखा वहीशी ताडून पाहा. पुस्तक विकत घेतल्याने प्रयोगाचा हक्क मिळत नाही, हे पुस्तकाच्या सुरुवातीलाच ठळक छापून घ्या. परवानगीसाठीचा पत्ताही तिथेच हवा.