एकाच पिशवीतली जोडी

"टॅरँटुला कोळ्याचा नर तयार, मादी तयार, पण दोघं अंड्यांच्या एकाच पिशवीतले. जोडी लावली तर काय बिघडतं?" मी "लावू नका" म्हणतो. मग लगेच येतं, "तुम्ही तर लावली होतीत!"

हो, लावली होती. लाल गुडघ्यांच्या टॅरँटुलाची भावंडं, पिल्लं असल्यापासून माझ्याकडची. या जातीत भाऊ आधी वयात येतात आणि बहिणी तयार होण्याआधीच बहुतेक भाऊ मरतात. निसर्गाचा हा अडसर मी मुद्दाम दूर केला. बहिणीला ऊब आणि भरपूर खाणं, भावाला गारवा आणि बेताचं. वेळ जुळली तेव्हा स्वतःच्या हुशारीवर खूश होतो.

पाचव्या आठवड्यात पिशवी उघडली. निम्म्याहून जास्त अंडी सुकलेली. उरलेल्यांना पाय फुटले, पण पुढच्या कातीत ती अडकायला लागली. तीन पाय बाहेर, पाच आत. ओल्या ब्रशने सोडवायला गेलो तर पायच तुटून ब्रशला चिकटले. रोज सकाळी झाकण काढायचं आणि मेलेली वेचायची. जिथं शेकड्यांनी मोजायची, तिथं 11 उरली.

हे नात्यामुळेच झालं का? छातीठोकपणे नाही सांगता येत. त्या दिवसांत ओलही कमी पडली होती. भावंडांच्या जोडीतून शेकडो धडधाकट पिल्लं मिळाल्याचं सांगणारे खोटं बोलत नाहीत. पण शेकडो पिल्लांचे आईबाप दोनच, आणि तेही सख्खी भावंडं. अशा पिल्लांत सरासरी 25 टक्के जनुकांच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. दबलेला दोष तिथूनच वर येतो.

तेव्हा मी म्हणायचो, जंगलातही पिल्लं फार लांब जात नाहीत, नात्यात जोड्या होतच असणार. असतीलही. पण तिथं नर भटकतो, आणि दुबळं पिल्लू वाचवायला कुणी ब्रश घेऊन बसत नाही.

परका नर आणावा तर तो चुलतभाऊ नाही कशावरून? की भलत्याच जातीचा? लाल गुडघ्यांच्या ज्या कोळ्यांना आपण वर्षानुवर्षं 'स्मिथी' जातीचे म्हणत आलो, त्यातले बहुतेक 'हॅमोरी' या वेगळ्या जातीचे असल्याचं 2017 मध्ये कळलं.

त्या 11 मधली एक मादी आता वयात आली आहे. एक जण नर द्यायला तयार आहे. त्याचे आईबाप कुठले विचारलं, तर म्हणाला, "चांगला आहे हो." दोन आठवडे झाले, मी उत्तर दिलेलं नाही.