नावांच्या यादीवर अडकलेली औषधे

"लाभार्थ्यांची गावनिहाय नावांची यादी जोडलेली नाही, सबब प्रस्ताव परत करण्यात येत आहे." पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांतल्या मानसिक रुग्णांच्या औषधसाठ्यासाठी मी दिलेल्या प्रस्तावावरचा, हिरव्या शाईतला हा शेरा मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा एप्रिल सरत आला होता आणि मिरगाला जेमतेम सहा आठवडे उरले होते.

मी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात सामाजिक कार्यकर्ती आहे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले, त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. त्यानंतर मी दक्षिण रायगडातल्या एका शाळेतील निवारा केंद्रात कामाला होते. चौथ्या दिवशी तिथे पस्तिशीच्या एका माणसाला आकडी आली. कोणी त्याला चप्पल हुंगवली, कोणी बाहेरची बाधा म्हणाले. त्याची आई मात्र शांतपणे मला म्हणाली, "बाय, गोळ्यांची पिशवी खुंटीला होती. ती घराबरोबर गेली." आकडीवरचे औषध अचानक बंद झाले की झटके पुन्हा सुरू होतात, हे त्या माऊलीला ठाऊक होते. केंद्रातल्या औषधपेटीत तापाच्या गोळ्या होत्या, क्षारसंजीवनी होती, मलमे होती. तिच्या मुलाला लागणारे काहीच नव्हते.

आपत्तीतील मानसिक आरोग्य म्हटले की समुपदेशनच डोळ्यांसमोर येते. तेही हवेच. परंतु सर्वांत आधी कोलमडतात ते आधीपासून उपचारांवर असलेले रुग्ण, आणि त्यांना प्रथम लागते ते त्यांचे नेहमीचे औषध. म्हणून पावसाळ्यापूर्वी संपर्क तुटणाऱ्या गावांसाठी जो औषधसाठा ठेवला जातो, त्यात प्रत्येक रुग्णामागे एका महिन्याचे जादा औषध असावे, असा प्रस्ताव मी फेब्रुवारीत दिला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने या विषयावर २००९ मध्येच स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढलेल्या आहेत, त्यामुळे तत्त्वाला कोणाचाच विरोध नव्हता. आमच्या डॉक्टरांची सही एका दिवसात झाली.

अडले ते पुढच्या एका कार्यालयात. साठा मंजूर करायचा तर कोणासाठी, हे नावानिशी दाखवावे लागेल, असे तिथले म्हणणे होते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे आम्हांला बंधनकारक आहे. गावनिहाय यादी एकदा फाइलला लागली की ती किती टेबलांवरून फिरेल आणि त्यातले एखादे नाव कोणाच्या सोयरिकीच्या बोलण्यात निघेल, हे सांगता येत नाही. मी कायद्याच्या त्या पानाची प्रत जोडून प्रस्ताव पुन्हा पाठवला. तोच शेरा, त्याच शब्दांत, परत आला. मी समक्ष गेले तेव्हा संबंधित लिपिक म्हणाले, "मॅडम, उद्या लेखापरीक्षणात विचारले की गोळ्या कुठे गेल्या, तर आम्ही काय दाखवायचे?" प्रश्न रास्त होता, हे मी मान्य करते. मात्र तो फेब्रुवारीतच विचारला असता तर मार्चमध्ये उत्तर देता आले असते, याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

त्या कार्यालयात मी एकूण पाच वेळा गेले, प्रत्येक वेळी एसटीने दोन तास जायला आणि दोन तास यायला. चौथ्या खेपेला नस्तीच सापडेना. अखेर लाल फडक्यात बांधलेल्या दुसऱ्याच विषयाच्या गठ्ठ्यातून ती निघाली, कारण आवक नोंदवहीत विषयाच्या रकान्यात केवळ 'औषधे' असे लिहिले होते. आवक क्रमांक घेताना विषय पूर्ण लिहिला आहे की नाही हे स्वतः वाचून घ्यावे, ही गोष्ट मी तिथे शिकले.

तोडगा सुचवला तो प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी. नावे आणि आजार दोन्ही वगळून उपकेंद्रनिहाय औषधाचे नाव, मात्रा आणि गोळ्यांची संख्या एवढाच तक्ता करायचा. रुग्णनोंदवही आपल्या ताब्यात कुलपात आहे आणि वाटपाची नोंद तिच्यातील क्रमांकांनुसार होईल, असे प्रमाणपत्र त्यांनी खाली द्यायचे. तक्ता वाडीनिहाय करू नये, कारण तीसचाळीस घरांच्या वाडीत एकाच माणसाच्या गोळ्या आल्या तर संख्यासुद्धा नाव सांगते. हा तक्ता पाचव्या खेपेस स्वीकारला गेला. मंजुरीच्या पत्रावर शिक्का उमटताना पाहून माझे डोळे भरून आले.

लिथियम हे मनःस्थितीच्या तीव्र चढउतारांवरचे औषध घेणाऱ्यांबद्दल तक्त्यासोबत वेगळी सूचना द्यावी, हे मला उशिरा आठवले. पुरानंतर जुलाबउलट्यांची साथ आली आणि शरीरातले पाणी कमी झाले की लिथियमचे रक्तातील प्रमाण घातक पातळीवर जाऊ शकते, म्हणून अशा रुग्णाला गोळी हाती देण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

आशाताईंचे प्रशिक्षण सुरळीत पार पडले. ते मे महिन्यातच उरकावे, लावणी सुरू झाली की कोणी येऊ शकत नाही. पाहणे, ऐकणे आणि योग्य मदतीशी जोडून देणे, एवढेच मानसिक प्रथमोपचार त्यांना शिकवायचे असतात. घडलेले सांगण्याचा आग्रह कोणालाही करायचा नाही, यावर भर द्यावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक निवारा शाळांच्या भिंतींवर रंगवून घेतला आहे. तरीही निसर्ग वादळानंतर श्रीवर्धनकडे अनेक ठिकाणी वीज यायलाच काही आठवडे लागले होते, त्यामुळे पहिल्या दिवसांत फोनवर विसंबता येत नाही.

औषधांची खोकी ४ जूनला आली. वैद्यकीय अधिकारी आणि मी मिळून ती मोजली आणि आरोग्य केंद्राच्या वरच्या मजल्यावर, जमिनीपासून उंच फळीवर ठेवली. दोन औषधे कमी आली आहेत. त्यांचे स्मरणपत्र मी त्याच दिवशी दिले, आणि आवक नोंदवहीत विषय या वेळी मी स्वतःच्या हाताने लिहिला.