जर्मन जुनेर

लाइपझिगमध्ये नोव्हेंबरात दुपारी साडेचारलाच अंधार पडतो. लेक तेव्हा पाच आठवड्यांची होती. इथे बाळंतपणानंतर सुईण घरी येते, सरकारी आरोग्यविमा असला तर बारा आठवडे तिचा खर्च विमाच भरतो. 'हेबामे' म्हणतात तिला. आमच्या हेबामेने कापडी लंगोटावरची प्लास्टिकची चड्डी काढून बाजूला ठेवली, लाल झालेल्या मांड्या दाखवल्या आणि म्हणाली, "याऐवजी लोकरीची घाला. नवी नको, जुना स्वेटर कापा."

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. सांगलीहून उत्तर आलं, "लोकर टोचते गं! आणि शू झाली की भिजलेल्या मेंढरासारखा वास मारेल."

पण जुन्याचं आईला पटलं. आमच्याकडेही बाळाचं पहिलं झबलं जुनेराचंच, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचं.

रविवारच्या जुन्या बाजारात तीन युरोला एक राखाडी स्वेटर मिळाला. लेबलावर 'शुअरवोले' हवं, म्हणजे मेंढीच्या अंगावरून कातरलेली कोरी लोकर. स्वेटर मशीनमध्ये 60 अंशांवर मुद्दाम धुतला. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात, कापड आटतं, दाट होतं आणि कापल्यावर उसवत नाही. दुसरा एक स्वेटर मात्र जसाच्या तसा बाहेर आला. मशीनमध्ये धुता यावा म्हणून त्याच्या खवल्यांवर कारखान्यातच प्रक्रिया केलेली होती.

बेतणं सोपं आहे, कारण निम्मी चड्डी स्वेटरमध्ये तयारच असते. बाही म्हणजे पाय, मनगटाची रिब, म्हणजे ताणली जाणारी विणलेली पट्टी, घोट्याला. काखेपासून वरची शिवण उसवायची आणि दोन्ही बाह्या जोडताना मध्ये अंगाच्या भागातली चौकोनी कळी लावायची. स्वेटरची खालची रिब दुमडली की नेफा. माझी पहिली चूक आसनात, म्हणजे कंबरेपासून जांघेपर्यंतच्या उंचीत झाली. लंगोटाचा गठ्ठा विसरून मापं घेतली, आणि लेकीला बसवलं की मागून अर्धी पाठ उघडी! मागचं आसन पुढच्यापेक्षा बरंच उंच हवं. माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) थोडीच सोडा, जाड शिवण मांडीला काचते. टीप झिगझॅग घाला, साधी टीप ताणली की तुटते. (रविवारी मशीन बंद. शांततेचा दिवस, खालच्या मजल्यावरच्या आजी छत ठोकतात.)

खरं काम त्यानंतरचं. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के ओल पोटात घेते आणि तरी हाताला कोरडी लागते. पण ओल बाहेर फुटू नये म्हणून तिला मेंढीच्या अंगचं मेण, लॅनोलिन, परत द्यावं लागतं. कारखान्यातल्या धुण्यातच ते बहुतेक निघून गेलेलं असतं. चमचाभर लॅनोलिन आणि लोकरीच्या साबणाचे दोन थेंब उकळत्या पाण्यात घालून दुधासारखं पांढरं होईपर्यंत ढवळायचं. ते कोमट पाण्यात ओतायचं, चड्डी उलटी करून रात्रभर बुडवायची. सकाळी पिळायची नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायची आणि आडवी वाळवायची. दोन दिवस लागतात, म्हणून चड्ड्या तीन हव्यात. नुसती शू झाली तर धुवायचीही नाही, वाऱ्यावर टाकायची. वास राहू लागला किंवा ओल बाहेर आली की पुन्हा मेण. आमच्याकडे तीन-चार आठवड्यांनी. शी लागली तर मात्र लगेच, हाताने.

नवऱ्याने एकदा मदत म्हणून चड्डी नेहमीच्या पावडरीत धुतली. ती आता लेकीच्या बाहुलीला बसते. शिवाय त्या पावडरीतली प्रथिनं फोडणारी एन्झाइम्स लोकरही खातात, कारण लोकर हे प्रथिनच.

आईने मग पार्सल पाठवलं. आत बाबांचा मरून स्वेटर, थंडीत तिबेटी लोक स्टॉल लावतात तिथला. सोबत चिठ्ठी, 'बाळासाठी काप'. लेबल नव्हतं. मी आतून एक धागा काढला आणि चिमट्यात धरून काडी लावली. लोकर जळली की केसांचा वास येतो आणि राख चुरगळते. हा वितळला, टोकाला काळा कडक मणी झाला. ॲक्रिलिक.

आईला कळवलेलं नाही. स्वेटर मीच घालते आहे, बाह्या दोनदा दुमडून.