टिकलीकडे बघून बोलणारी

चौथीत असताना मला एक युक्ती सापडली. बाई सारख्या म्हणायच्या, "बोलताना माझ्याकडे बघ, जमिनीकडे काय बघतेस?" पण डोळ्यांत बघितलं की माझ्या तोंडातले शब्द विरून जायचे. डोळे सारखे हलतात, ओले असतात, एकाच वेळी त्यांत फार काही चाललेलं असतं. मग मी बाईंच्या कुंकवाकडे बघायला लागले. कुंकू हलत नाही. बाईंना वाटलं, पोरगी सुधारली. तेव्हापासून पुढची अडतीस वर्षं मी बायकांशी त्यांच्या टिकलीकडे बघून बोलले आणि पुरुषांशी चष्मा नाकावर टेकतो त्या जागेकडे बघून. कधी कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी ज्यांच्याकडे समुपदेशनासाठी जात होते त्या बाई टिकली लावत नव्हत्या. त्यांना चष्माही नव्हता. चार भेटी मी त्यांच्या कानातल्या मोत्यांकडे बघून काढल्या. पाचव्या भेटीत त्यांनी अगदी हळू विचारलं, "माझ्याकडे बघायला तुम्हाला जागा शोधावी लागते का हो?"

माझे हात गार पडले. हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता.

मी तिथवर कशी पोहोचले ते सांगते. पुण्यात एका सरकारी कार्यालयात मी जमिनींच्या नकाशांचं काम करते. वीस वर्षं माझी जागा अभिलेख कक्षात होती. लोखंडी कपाटं, जुने कापडी नकाशे, एक खिडकी आणि मी. कुठल्या गावचा कुठला गट नंबर कुठल्या गठ्ठ्यात आहे, हे मला यादी न बघता सांगता यायचं. मग नकाशे स्कॅन झाले, तो कक्ष बंद झाला आणि मला मोठ्या हॉलमध्ये टेबल मिळालं. डोक्यावर ट्यूबलाइट, पाठीमागे एसी, शेजारी चौदा माणसं, त्यांचे फोन, त्यांचे डबे. त्याच सुमारास माझी पाळी अनियमित झाली. झोप गेली. संध्याकाळी घरी आले की बोलताच यायचं नाही. म्हणजे बोलायचं नव्हतं असं नाही, शब्द तोंडापर्यंत पोहोचायचेच नाहीत. कुकरची शिट्टी झाली की मी बाथरूममध्ये जाऊन दार लावून घ्यायचे. नवऱ्याला वाटलं मी रागावले आहे, मुलाला वाटलं मी आजारी आहे. डॉक्टरांनी थायरॉईड तपासलं, मग नैराश्याच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप आली. बाकी सगळं तसंच राहिलं.

तर, त्या पाचव्या भेटीत समुपदेशक बाईंनी ऑटिझम, म्हणजे माणसांत मिसळण्याची आणि आवाज-स्पर्श जाणवण्याची वेगळी घडण, हा शब्द उच्चारला आणि लगेच म्हणाल्या, "निदान करणं हे माझं काम नाही. पण तुम्ही तपासून घ्यावं."

घरी येऊन मी इंटरनेटवरची प्रश्नावली भरली. केंब्रिजच्या संशोधकांनी २००१ साली तयार केलेली, ५० विधानांची. त्यात एक विधान होतं की पार्टीपेक्षा मला लायब्ररीत जायला आवडेल. मी अर्धा तास अडले. पार्टी म्हणजे कुठली? आमच्याकडे हळदीकुंकू असतं, बारसं असतं, कुणाच्या निवृत्तीचा निरोपसमारंभ असतो. मग मनात तिथे हळदीकुंकू घातलं आणि उत्तर आपोआप आलं. गाड्यांच्या नंबरप्लेटकडे लक्ष जातं का, असंही एक विधान होतं. मला वाटत होतं सगळ्यांचंच जातं. मी नवऱ्याला विचारलं, "आपल्या समोरच्या घरी येणाऱ्या दूधवाल्याच्या गाडीचा नंबर काय?" तो माझ्याकडे बघतच राहिला. ३२ किंवा त्यावर गुण आले तर पुढे तपासून घ्यावं असं सांगतात. माझे ३७ आले. हे निदान नसतं. कुणी वाचून स्वतःला शिक्का मारून घेऊ नये.

पुढचं सगळ्यात अवघड. मोठ्या माणसांना तपासणारं कुणी भेटेना. जिथे फोन करावा तिथे पहिला प्रश्न, "मुलाचं वय काय?" मी म्हणायचे, सत्तेचाळीस. पलीकडे शांतता. एका मनोविकारतज्ज्ञांनी वेळ दिली आणि दहा मिनिटांत सांगितलं की तुमचं लग्न झालंय, मुलगा कॉलेजात आहे, इतक्या वर्षांची नोकरी आहे, तुम्हाला ऑटिझम कसा असेल, तो लहान मुलांना असतो. मी त्यांच्या चष्म्याच्या मध्यावर बघत "बरं" म्हणाले आणि बाहेर आले. जिन्यात उभी राहिल्यावर मला जे बोलायचं होतं ते सुचलं. ऑटिझम जन्मापासून असतो, आणि लहान मुलं मोठी होतात. आम्ही मोठे झाल्यावर कुठे जातो असं त्यांना वाटतं?

शेवटी एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मिळाल्या. अडीच महिन्यांनी नंबर लागला. तीन भेटी, प्रत्येक भेट दोन तासांच्या आसपास. शाळा, मैत्रिणी, लग्न, नोकरी, कपडे, खाणं, आवाज, सगळं विचारलं. चिंता, नैराश्य, अतिचंचलता यांपैकी कशामुळे असं होत असेल का, हेही त्यांनी बारकाईने पाहिलं. आणि मग म्हणाल्या, "तुमची आई येऊ शकेल का? तुम्ही तीन-चार वर्षांच्या असतानाचं सांगणारं कुणीतरी हवं."

आई कराडला असते. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिला फोनवर काय सांगावं हे मी दोन दिवस कागदावर लिहून ठरवत होते. शेवटी म्हणाले, "आई, मी लहानपणी कशी होते ते एका बाईंना सांगायचंय." ती म्हणाली, "बरं. कधी येऊ?"

त्या खोलीत आई पदर सावरून बसली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "ही लई गुणाची होती, पण हिला सगळं टोचायचं."

मग ती बोलतच राहिली. मी ओसरीवर चिंचोके मांडायचे, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने, आणि कुणी एक उचलला तर संध्याकाळपर्यंत रडायचे. चार वर्षांची होईपर्यंत कुणाला हाक मारली नाही, पण एकदा बोलायला लागले ते सबंध वाक्यच. लग्नाच्या पंगतीत मी काही खायचे नाही, म्हणून आई पिशवीत दूधभाताचा डबा न्यायची आणि बायकांच्या नजरा चुकवून मला मांडवामागे भरवायची. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल वाजायला लागले की ती "धान्य पाखडायचंय, चल" म्हणून मला कोठीच्या खोलीत न्यायची आणि दार ओढून घ्यायची. मला ते दुपारचं अंधारं, धान्याच्या वासाचं कोठीघर आठवत होतं. आई तिथे सूप घेऊन बसलेली आठवत होती. आपल्याला खरंच धान्य पाखडायचं होतं असंच मी इतकी वर्षं समजत होते.

"आणि फ्रॉक," आई म्हणाली. "नवा फ्रॉक घातला की अंगावरून ओरबाडून काढायची. आतली शिवण टोचायची हिला. मग मी काय केलं, माझी जुनेरं असायची, धुऊन धुऊन मऊ झालेली, त्याचे फ्रॉक शिवले. शिवण बाहेरून घातली. जावा हसायच्या. मी म्हटलं हसू द्या."

सायकॉलॉजिस्ट बाईंनी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं का, असं करा म्हणून?"

"सांगणार कोण? पोरीला टोचतंय म्हणाल्यावर टोचतंय." थोडं थांबून ती म्हणाली, "हिचे आजोबा तसेच होते. माझे वडील. कुणाशी बोलायचे नाहीत, पण स्टँडवरच्या एसटीचं सगळं वेळापत्रक पाठ."

आईला नाव माहीत नव्हतं, उपाय माहीत होता. त्या दिवशी परत येताना रिक्षात आम्ही दोघी काही बोललो नाही.

अहवाल दहा दिवसांनी आला. ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, बौद्धिक अक्षमता नाही, भाषेत अडचण नाही, आधाराची गरज पहिल्या, म्हणजे सगळ्यात कमी पातळीची. मी ती चार पानं रेकॉर्ड तपासावं तशी तपासली. त्यात लिहिलेली बाई मी ओळखत होते.

लोक विचारतात, आधी का नाही कळलं? लिओ कॅनर यांनी ऑटिझम असलेल्या मुलांचं वर्णन केलं ते १९४३ साली. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत त्याला वेगळं नाव मिळालं १९८० साली, तेही 'बाल्यावस्थेतला' म्हणून. माझा जन्म १९७७चा. ब्रिटनच्या लॉर्ना विंग यांनी १९८१ साली बोलक्या, हुशार, पण माणसांत अडखळणाऱ्यांबद्दल लिहिलं, तेव्हा मी कराडच्या अंगणात चिंचोके मांडत होते. सगळ्या छटा एकाच छत्राखाली आल्या २०१३मध्ये. कराडच्या शाळेत पहिल्या पाचात येणाऱ्या, कुणाला त्रास न देणाऱ्या मुलीकडे बघून कुणाला काय सुचणार होतं? त्यात मुली सोंग लवकर शिकतात. मैत्रीण हसली की हसायचं, तिने मान कलती केली की आपण करायची. मी हे सगळं रोज घरी आरशासमोर घोटून घेतलेलं आहे.

नाव नव्हतं, पण विशेषणं भरपूर होती. सासरी मी घुमी होते. ऑफिसात शिष्ट. नणंदेच्या मते माणूसघाणी. मामा प्रेमाने एककल्ली म्हणायचा. एकदा जवळच्या मैत्रिणीने तुसडी म्हटलं आणि मग ती मैत्रीण राहिली नाही. या प्रत्येक शब्दात मी मुद्दाम तशी वागते असं गृहीत धरलेलं आहे. मी ते खरं मानलं होतं. रात्री पडल्या पडल्या दिवसभराची संभाषणं तपासायची, कुठे चुकलं ते शोधायचं, हे मी लग्नाआधीपासून करत आले.

आता मराठीत यासाठी जो शब्द आहे, स्वमग्नता, त्याच्याशीही माझं जमत नाही. मूळ ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः, त्यावरून तो आला हे मला कळतं. शब्द करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण ऐकणाऱ्याला वाटतं, ही बाई स्वतःतच मग्न आहे. मी तर आयुष्यभर दुसऱ्यांकडेच बघत आले, त्यांच्या भुवया, त्यांचे आवाज, आत्ता हसायचं की गप्प बसायचं. स्वतःत मग्न व्हायला मला वेळच मिळाला नाही. मी ऑटिझमच म्हणते.

नवऱ्याने अहवाल दोनदा वाचला. म्हणाला, "म्हणजे तू माझ्यावर चिडायची नाहीस?" बावीस वर्षांनी आम्ही त्या रात्री दोन वाजेपर्यंत जागे होतो. मुलाने दुसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी होण्याआधी "आई, शिट्टी" अशी हाक द्यायला सुरुवात केली. कधी होणार हे कळलं की ती सहन होते.

ऑफिसात साहेबांना मी लेखी सांगितलं. तोंडी मला जमलं नसतं. त्यांनी टेबल खिडकीशी हलवू दिलं आणि त्यावरची ट्यूब काढली. काम तोंडी न सांगता लिहून द्या, ही माझी विनंतीही मानली. पण ते म्हणाले, "बदली होऊन दुसरं कुणी आलं तर? प्रमाणपत्र असू द्या." त्यांचं बरोबर होतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि खाजगी अहवालाला सरकारी प्रमाणपत्राचं वजन नसतं.

ऑनलाइन अर्ज केला, तारीख आली. त्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात मी एकटीच मोठी होते. बाकी सगळी मुलं आणि त्यांच्या आया. सहा-सात वर्षांचा एक मुलगा कानावर हात दाबून पुढेमागे झुलत होता आणि त्याची आई येणाऱ्याजाणाऱ्याची माफी मागत होती. मी तिला म्हणाले, "मलाही हा स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज सहन होत नाही." तिने माझ्या साडीकडे बघितलं, फाईलकडे बघितलं. "तुम्ही कुणाला घेऊन आलाय?" "मी माझ्यासाठी आलेय." ती सरकून माझ्या शेजारी बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, "नोकरी करता?"

आत ऑटिझमची जी मोजणी होते तिला इसा (Indian Scale for Assessment of Autism) म्हणतात. ४० विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण, लक्षण जितकं जास्त तितके गुण जास्त. बेरीज ७०च्या आत आली तर ऑटिझम नाही असं धरतात. पहिलंच विधान नजर न भिडवण्याबद्दलचं. समोरच्या डॉक्टर बाईंनी छान मरून रंगाची गोल टिकली लावली होती. मी नमस्कार केला, विचारलेल्याची उत्तरं दिली, आणि पंचवीस मिनिटं त्या टिकलीवरून नजर हलवली नाही. सायकॉलॉजिस्टनी बजावून सांगितलं होतं की तिथे सोंग करू नका. पण अनोळखी माणसासमोर ते मी करत नाही, ते होतं. पहिल्या विधानाला १ गुण मिळाला. एकूण ६४.

बाहेर आले तेव्हा ती आई आणि मुलगा आत गेलेले होते.

मी अपील करणार आहे. कायद्यात तशी सोय आहे. यावेळी आईने सांगितलेलं सगळं सायकॉलॉजिस्टच्या पत्रात तपशिलाने जोडलंय. आणि मी सध्या घरी टिकलीकडे न बघण्याची सवय करतेय. जिथे नजर जाईल तिथे जाऊ द्यायची. नवऱ्याशी मी आता बाल्कनीतल्या कढीपत्त्याकडे बघून बोलते. वाक्यं पूर्ण होतात.

गेल्या आठवड्यात भाऊ कराडहून आला. आईने त्याच्याबरोबर एक पुडकं पाठवलं होतं. आत तिची जुनी सुती साडी, घडीवर विरलेली, निळ्या काठांची. मी फोन केला तर म्हणाली, "ऑफिसला घालायला दोन कुर्ते होतील त्यात. शिंप्याला सांग, शिवण बाहेरून ठेव."