डीप्लेन म्हणजे उतरणंच ना?

25 डिसेंबर 2025 ला नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, आणि उलवे-पनवेलकडची मुलंमुली ग्राउंड स्टाफच्या मुलाखतीसाठी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येऊ लागली. त्यांचा नेहमीचा प्रश्न : "मॅडम, डिसएम्बार्क, डीप्लेन, डीबोर्ड, इव्हॅक्युएट, सगळं म्हणजे उतरणंच ना?"

पहिल्या तिघांचं उत्तर सोपं, हो. डिसएम्बार्क बोटीवरून विमानात आला, डीप्लेन अमेरिकेत जास्त चालतो, डीबोर्ड आपल्याकडे सर्रास ऐकू येतो. विमान थांबलं, सीटबेल्टचा दिवा विझला, दार उघडलं, की बॅग घेऊन एरोब्रिजने, म्हणजे दाराला जोडलेल्या बंदिस्त पुलावरून, नाहीतर शिडीने बाहेर. प्रवाशांशी बोलताना सरळ 'उतरा' म्हणावं. मात्र मराठीत विमानही उतरतं आणि माणसंही उतरतात. म्हणून घ्यायला आलेल्या आजोबांना नुसतं 'उतरलं' सांगू नये; 'विमान आलंय, माणसं अजून आत आहेत' असं फोडून सांगावं. नाहीतर ते दाराशी ताटकळतात.

इव्हॅक्युएट मात्र या पंगतीतला नाहीच. तो जीव वाचवण्याचा हुकूम आहे. बॅग नाही, चपला शोधणं नाही. जे दार सुरक्षित असेल तिथून, बहुधा फुगणाऱ्या घसरगुंडीवरून, बाहेर. 44 पेक्षा जास्त आसनांच्या विमानाच्या प्रकाराला मान्यता हवी असेल, तर निम्मीच दारं वापरून 90 सेकंदांत सगळे बाहेर पडू शकतात हे सिद्ध करावं लागतं. त्यात वरच्या कप्प्यातून सामान काढायला वेळच धरलेला नाही.

2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं ए350 हे मोठं प्रवासी विमान उतरतानाच तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं आणि पेटलं. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले. ए350 च्या आठपैकी तीनच दारं वापरता आली, तरी आतले सगळे, 379 जण, जिवंत बाहेर आले. जवळजवळ सगळ्यांनी बॅगा आतच सोडल्या होत्या.

म्हणून हा शब्द मी मुलांकडून मराठीतही घोटून घेते, तोही मोठ्या आवाजात : "सामान सोडा! बाहेर पडा! विमानापासून लांब जा!" पहिल्यांदा विमानात बसलेल्या आजीला 'इव्हॅक्युएट' कळणार नाही, आणि त्या वेळी समजावत बसायला कोणाला सवड नसते.